खालच्या लेयरला हात लावायचा नाही

ही फाइल मी तपासणार नाही. उघडली, लेयरच्या यादीत 'बॅकग्राउंड' ही एकच ओळ दिसली आणि बंद केली. पांढरी स्विफ्ट लाल करून दाखवायची होती, तर तू थेट मूळ फोटोवर ब्रश फिरवलास. त्याच्यावरच अलॉय चिकटवलेस, त्याच्यावरच बॉनेटचे पट्टे ओढलेस, काचा काळ्या केल्यास, आणि हे सगळं गिऱ्हाइकानं पाठवलेल्या जेपीजीवरच, त्याच नावानं सेव्ह केलंस. मूळ फोटो गेला. त्या माणसाची गाडी प्रत्यक्षात कशी आहे, हे तुझ्या कॉम्प्युटरवर आता कुठेच नाही.

येत नसतं तर मी पुन्हा शिकवलं असतं, कितीही वेळा शिकवलं असतं. पण तुला येतं. लेयर कसा घ्यायचा, मास्क कसा लावायचा, हे वर्गात सगळ्यांच्या आधी तू करून दाखवलंस. येत असून टाळलंस, कारण घाई होती आणि कोण बघतंय असं वाटलं. मी बघतोय. आणि माझ्याआधी तुझ्या गिऱ्हाइकानं बघितलं.

त्याचा निरोप आला: लाल जरा गडद हवा, मरूनकडे झुकणारा, आणि पट्टे नकोत. साधी मागणी होती. रंग वेगळ्या लेयरवर असता तर मिनिटाभरात बदलला असता, आणि पट्ट्यांच्या लेयरचा डोळा मिटला की पट्टे गेले असते. तू लालवर मरून चढवलास. पट्टे पुसायला क्लोन स्टँप घेऊन बसलास, बॉनेटवर डाग पडले, डाग झाकायला ब्लर मारलास. बॉनेटची धार, मधली घडी, वरचं प्रतिबिंब, सगळं त्यात वाहून गेलं. रात्रभर जागलो, असं तू सगळ्यांना सांगत होतास. त्या जागरणाचं मला कौतुक नाही. दुपारी दहा मिनिटं वाचवायला गेलास, त्याची ती किंमत होती.

तुझ्या वयाच्या मुलांना वाटतं, लेयर पहिल्यापासून होतेच. नव्हते. थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांनी केलेल्या फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली आली, त्यात लेयर नव्हते. निवडलेला तुकडा उचलून दुसरीकडे ठेवला आणि सिलेक्शन सोडलं, की तो खालच्या चित्रात कायमचा मुरायचा. पाऊल मागे घेता यायचं ते एकच, शेवटचं. लेयर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. रंग आणि उजेड बदलणारे ॲडजस्टमेंट लेयर १९९६ मध्ये. अनेक पावलं मागे नेणारी हिस्टरी तर १९९८ मध्ये, पाचव्या आवृत्तीत. त्याआधीची माणसं एकाच थरावर काम करत होती, कारण त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. म्हणून ती प्रत्येक घाव विचार करून घालत. तुझ्याकडे इलाज आहे, तोही तुझ्या जन्माच्या आधीपासून, आणि विचार मात्र तू त्यांच्या निम्म्यानंही केला नाहीस.

लेयर म्हणजे तू घेतलेला एक निर्णय. रंग हा एक निर्णय, चाकं हा दुसरा, सावली तिसरा. ते सुटे ठेवले तर प्रत्येकाला सुटं तपासता येतं, बदलता येतं, रद्द करता येतं. आणि सगळ्यांच्या खाली मूळ फोटो, कुलूप लावलेला. त्याला हात लावायचा नाही. वर कितीही खेळ, खाली काय होतं हे कधीही दिसलं पाहिजे.

आता रंगाकडे ये, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. तू पिंपरी-चिंचवडचा. चाकणला गाड्या बनतात, तुझ्या ओळखीत पेंट शॉपमध्ये काम करणारं कोणी ना कोणी असेलच. पत्र्यावर रंग कसा चढतो, हे त्याला विचार. आधी विजेच्या साह्यानं बसवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. गाडीचा रंग बेस कोटचा असतो, चमक क्लिअर कोटची. आकाश, समोरचं झाड, रस्त्याची कड यांची प्रतिबिंबं वरच्या पारदर्शक थरावर उमटतात आणि तिथूनच परत फिरणारा उजेड खालचा रंग घेत नाही. म्हणून लाल गाडीच्या बॉनेटवरही उन्हाचा ठिपका पांढराच दिसतो. तुझ्या गाडीवर तो लाल झालाय. ज्यानं आयुष्यात फोटोशॉप उघडलेलं नाही त्यालाही ते खटकतं, फक्त काय खटकतंय हे त्याला सांगता येत नाही. कारखान्यात ज्या दोन गोष्टी वेगळ्या चढतात, त्या तू एका ब्रशनं सारवून टाकल्यास. रंगाचा लेयर वेगळा हवा आणि चमकेचा त्याच्या वर, वेगळा. मूळ फोटोची एक प्रत वर घे, मोड स्क्रीन कर, लेव्हल्सनं तिच्यातलं बाकी सगळं काळं करून फक्त लखलखीत जागा उरव. पांढऱ्या गाडीत पत्राही पांढरा आणि चमकही पांढरी, त्यामुळे लेव्हल्सनं सगळं भागत नाही. मास्क हातानं रंगवावा लागतो, दाराच्या मुठीपासून टपाच्या कडेपर्यंत. रात्र जागायचीच होती तर यासाठी जागायचं होतंस.

तू कलर मोड लावून पाहिलास, गाडी लाल झाली नाही, मग वैतागून नॉर्मलवर ब्रश मारलास. वैतागण्याआधी थांबला असतास तर कारण सापडलं असतं. कलर मोड वरच्या लेयरचा रंग घेतो आणि उजेड खालच्या लेयरचा ठेवतो. खाली पांढरं. पांढऱ्याचा उजेड तसाच ठेवायचा म्हटल्यावर लालला जागा उरत नाही. काळ्या गाडीवरही तेच, उलट्या टोकाकडून. ह्यू मोड तर ज्या पत्र्यात मुळात रंगच नाही त्यावर काहीच करत नाही. निळीची हिरवी करायची असेल तेव्हा तो कामाचा. पांढऱ्या गाडीला मल्टिप्लाय. त्याचं गणित शाळेतल्या पोराला जमेल: दोन लेयरचे आकडे गुणायचे आणि २५५ नं भागायचं. तुझा लाल समज २००, २०, ३० आहे. खाली पूर्ण पांढरा पत्रा, २५५, तिथे उत्तर येतं तोच लाल. दाराखालच्या सावलीत पत्रा १२८ आहे, तिथे येतं साधारण १००, १०, १५. म्हणजे सावली राहिली, घडी राहिली, आणि लाल तिच्यात आपोआप गडद झाला. तू सगळीकडे सरसकट २००, २०, ३० फासलंस, म्हणून तुझी गाडी पुठ्ठ्यातून कापल्यासारखी दिसते.

उद्या कोणी काळ्या गाडीची पांढरी करून मागेल. काळ्या पत्र्याचा फोटो म्हणजे बहुतेक सगळी प्रतिबिंबंच. पत्र्याचे उतार त्यात फारसे उमटलेले नसतात. तिथे 'होऊन जाईल' म्हणून काम घ्यायचं नाही. त्याच मॉडेलच्या चंदेरी गाडीचा फोटो आणा, असं स्पष्ट सांगायचं. नाही म्हणायला शीक.

कडांचं बघ. खिडकीच्या रबरावर लाल, टेललॅम्पच्या काचेवर आणखी लाल, आरशाखालच्या फटीत अजून पांढरं. मागची भिंतही पांढरी होती, तरी तू मॅजिक वाँडनं एक क्लिक केलीस आणि जे हाती आलं ते घेतलंस. पत्रा कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली, हे यंत्राला आकड्यांवरून कळत नव्हतं. तुला डोळ्यांनी कळत होतं. पेन टूल कंटाळवाणं आहे म्हणतोस. मग नीट ऐक. पेन टूलनं तू जी रेषा वळवतोस तिला बेझिए वक्र म्हणतात. पिएर बेझिए हा फ्रान्समधल्या रेनो कंपनीचा इंजिनिअर. गाडीच्या पत्र्याचे वळसे यंत्राला कळतील अशा गणितात बसवण्यासाठी त्यानं १९६० च्या दशकात ही वक्रं वापरात आणली. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यानं हेच गणित मांडलं होतं, पण कंपनीनं ते गुपित ठेवलं, म्हणून नाव बेझिएचं झालं. ज्या रेषेचा तुला कंटाळा येतो ती गाडीच्या पत्र्यासाठीच जन्मलेली आहे. बॉनेटची कड, टपाचा उतार, चाकाची कमान, यांना तिच्याइतकं चपखल दुसरं काही बसत नाही. बिंदू कमी ठेव. रेषा जिथे खरोखर वळते तिथेच बिंदू टाक. कमानीला चार-पाच पुरतात, तू दर मिलिमीटरला टाकत सुटतोस म्हणून कड खडबडीत होते. आणि पाथला नाव देऊन सेव्ह कर, दुसऱ्या दिवशी लागतोच.

कापलेलं फेकायचंही नाही. इरेझरला माझ्या वर्गात बंदी आहे ती याचसाठी. मास्कमध्ये पांढरं दाखवतं, काळं लपवतं, करडं अर्धवट दाखवतं. चुकलं तर उलटा रंग मारून परत आणता येतं. बॉडीचा एक मास्क जीव लावून कर, तो ग्रुपला लाव, आणि रंग, चमक, पट्टे सगळे त्या ग्रुपच्या आत ठेव. मग कडेला पुन्हा हात लावावा लागत नाही.

चाकांवर फार बोलत नाही, ती चूक तुझी तुलाच दिसायला हवी होती. समोरून काढलेला अलॉय तिरक्या उभ्या गाडीवर गोलच्या गोल बसवलास. तिरक्या गाडीचं चाक लंबवर्तुळ दिसतं, पुढचं आणि मागचं सारख्या रुंदीचंही नसतं. स्पोकच्या फटीतून ब्रेक डिस्क दिसायला हवी, तिथे अलॉयच्या फोटोची पांढरी पार्श्वभूमी तशीच आहे. उजेड जुळवायला अलॉय आडवा उलटवलास आणि मधल्या टोपीवरची अक्षरं उलटी झाली. कमानीची सावली टायरच्या वरच्या भागावर पडते, ती नाहीच. अलॉय स्मार्ट ऑब्जेक्ट करून घे, म्हणजे कितीही वेळा ओढला-ताणला तरी मूळ पिक्सेल शाबूत राहतात. ही सोय २००५ पासून आहे.

गाडी तू खाली बसवलीस, पण जमिनीवरची सावली जुन्याच जागी राहिली आणि टपाच्या वर जुन्या टपाची कड भुतासारखी उरली. बॉडी खाली सरकवायची तर तिच्यामागची भिंत आधी पूर्ण करून वेगळ्या लेयरवर ठेवावी लागते, हे शिकवलं होतं. सावल्या दोन असतात. टायर रस्त्याला टेकतो तिथली बारीक, गडद. आणि गाडीच्या पोटाखालची पसरट, मऊ. दोन लेयर. उन्हातल्या सावलीत आकाशाचा उजेड मिसळलेला असतो, त्यामुळे ती निव्वळ काळी नसते. अमेरिकेत पाँटियाक गाड्यांच्या जाहिराती १९५९ ते १९७१ या काळात आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन यांनी हातानं रंगवल्या. गाडी फिट्झपॅट्रिक रंगवायचा, मागचा देखावा आणि माणसं कॉफमन. दोन वेगळे हात एका चित्रात, तरी गाडी त्या जागीच उभी आहे याबद्दल क्षणभरही शंका येत नाही, कारण त्या जागेचा उजेड पत्र्यात उतरवलेला असतो. ती चित्रं शोधून काढ आणि बघत बस. ते गाड्या खऱ्याहून रुंद दाखवत, हेही बघ. त्याबद्दल शेवटी बोलणार आहे.

मागच्या काचेवर 'आर्शिवाद' लिहिलंस. आशीर्वाद. रस्त्यावर रोज दिसते म्हणून चूक बरोबर होत नाही. टेक्स्ट लेयर जिवंत ठेवला असतास तर ही दुरुस्ती दोन सेकंदांची होती. आता पूर्ण काच पुन्हा करावी लागेल.

बहाणे मला तोंडपाठ आहेत. सॉफ्टवेअर महाग आहे म्हणशील, तर गिम्प फुकट आहे. बर्कलीच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते १९९५ मध्ये करायला घेतलं, आणि त्यात लेयर, मास्क, मल्टिप्लाय सगळं आहे. ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपीआ पीएसडी फाइलसुद्धा उघडतं. लेयरनं फाइल जड होते, मशीन अडतं, हे खरं आहे. मग बाकीचं सगळं बंद करून काम कर, पण फ्लॅटन करू नकोस. काम पीएसडीत किंवा गिम्पच्या एक्ससीएफमध्ये, आणि गिऱ्हाइकाला जेपीजी एक्सपोर्ट करून, नवीन नावानं. जेपीजीत लेयर राहत नाहीत, पारदर्शकता राहत नाही, आणि उघडून पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडे तपशील गळतात. एआय एका बटणात करतं, हा तुझा नवा बहाणा. फोटोशॉपचं जनरेटिव्ह फिलही आपलं उत्तर मूळ फोटोवर फासत नाही. त्याचा वेगळा लेयर करतं आणि मास्क लावून देतं. ते ज्यांनी बनवलं त्यांना खालचा फोटो जपायचं कळतं. तुलाही कळलं पाहिजे.

आज स्विफ्टच्या मालकाला फोन कर, मूळ फोटो माझ्या हातून गेला म्हणून सरळ सांग, आणि पुन्हा मागव. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, नुसता फोटो पाठवला तर तो दाबून लहान होतो. काचांचंही सांग. काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बंदी घातली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असा मोटार वाहन नियम आहे. तू काचा कुट्ट काळ्या करून दिल्यास; तो चित्र घेऊन दुकानात जाईल, फिल्म लावून घेईल आणि चौकात दंड भरेल. गाडीचा रंग बदलला तर आरटीओकडे आरसीवर नोंद करावी लागते, हेही त्याच्या कानावर घाल. हौस त्याची आहे, पण चित्र तुझ्या हातचं आहे.

आता जे सगळ्यात वाईट आहे ते. जुन्या गाड्या विकणाऱ्या एकासाठी तू जाहिरातीचे फोटो केलेस, मला ते कालच कळलं. मागच्या दारावर लांब खरवड होती, बंपरला पोचा होता. तो म्हणाला साफ कर, आणि तू साफ केलंस. पांढरी स्विफ्ट लाल दाखवतोस तेव्हा कोणी फसत नाही, मालकाला आपली गाडी पांढरी आहे हे माहीत असतं. त्या पाँटियाकच्या जाहिराती रंगवलेल्या आहेत, हे बघणाऱ्याला दिसतं. विकायच्या गाडीचा फोटो मात्र समोरचा माणूस खरा धरून चालतो. साठवलेले पैसे घेऊन कोणी सोलापूरहून एवढ्यासाठी पुण्यात येईल आणि तुझ्या हातानं पुसलेला पोचा त्याला यार्डात भेटेल. किंवा भेटणारही नाही, कारण तोवर त्यावर लांबी भरून रंग मारलेला असेल. मागची कचराकुंडी काढ, नंबरप्लेट झाक, उजेड सुधार, त्याला माझी हरकत नाही. पत्र्याला झालेलं नुकसान पुसायचं नाही. कोणी सांगितलं तरी नाही, दुप्पट पैसे दिले तरी नाही.

आणि तिथेही तू मूळ फाइलवरच सेव्ह केलंस. खालचा लेयर शाबूत असता तर वरच्या दुरुस्तीचा डोळा मिटून तो पोचा आत्ता, इथे बसल्याबसल्या परत दाखवता आला असता. गाडी कशी होती याचा पुरावा तुझ्याकडे होता आणि तो तूच पुसलास. म्हणून लेयरच्या तासाला मी हे काढलं.

दुपारी त्या यार्डात जा. गाडी अजून उभी असेल तर दार आणि बंपर यांचे नवे फोटो काढ, तिरक्या उन्हात, पोचा आणि खरवड स्वच्छ दिसतील असे. जाहिरातीत हेच जातील, नाहीतर माझे फोटो काढून टाका, असं त्याला तोंडावर सांग. तो पैसे परत मागेल, ते देऊन टाक. गाडी विकली गेली असेल तर घेणाऱ्याचा नंबर घेऊन ये. त्याला फोन तू करायचास, मी शेजारी बसतो.